मंडळीला गावासाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

मी शेवगाव तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. वय सत्तावीस, दूध संकलन केंद्रावर काम करतो. आमच्या मंडळीत साठेक कुटुंबं आहेत. पाळकसाहेबांनी एका रविवारी उपासनेत सांगितलं की, मंडळीने गावासाठी काहीतरी कायमचं काम उभं करावं. तेव्हापासून रोज एक नवं मत निघतं. कमिटीतली वडीलधारी मंडळी म्हणतात, नाताळात मोफत आरोग्य शिबिर घेऊ, मोठा फ्लेक्स लावू, पुढाऱ्यांना बोलावू. महिला मंडळाला ब्लँकेट वाटायचे आहेत. आम्हा मुलांच्या मनात अभ्यासिका आहे.

दसरा झाला की आमच्या गावची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. गरज डोळ्यांना दिसते, पण नेमकं काय करावं ते कळत नाही. त्यात माझ्या जवळच्या मित्राने, तो मंडळीतला नाही, मला तोंडावर विचारलं, "हे सगळं धर्मांतरासाठी तर नाही ना?" ते फार लागलं. आणखी एक. माझा मामेभाऊ ऑस्ट्रेलियात असतो, तिथलाच नागरिक झालाय. तो या कामासाठी एक लाख रुपये पाठवतो म्हणतो. घ्यावेत का?

— एक वाचक

उत्तर : प्रिय बाळ, जय ख्रिस्त.

शिबिर घेऊ नका. निदान पहिलं काम म्हणून तरी नको. माझी सारी नोकरी नर्स म्हणून याच जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली, म्हणून हे ठामपणे सांगते. शिबिरात मांडव पडतो, रांग लागते, दीडदोनशे जणांचं बीपी तपासलं जातं, पाच दिवसांच्या गोळ्या हातात पडतात. सहाव्या दिवशी त्या माणसाचं काय? ज्या आजीचं बीपी वाढलेलं निघालं तिला जन्मभर गोळी लागणार आहे, आणि ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिला डॉक्टरची एक सकाळ नकोय. महिन्याच्या महिन्याला केंद्रापर्यंत नेणारं कुणीतरी हवंय. ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता, आणि त्याला फ्लेक्स लागत नाही.

बायबलातलं नहेम्याचं पुस्तक कमिटीच्या बैठकीत वाचून दाखव. यरुशलेमेला पोचल्यावर तो तीन दिवस काही बोलला नाही. मग रात्री थोडी माणसं घेऊन निघाला आणि कोट कुठे पडलाय, वेशी कुठे जळल्यात, हे स्वतः फिरून पाहिलं. लोकांना "चला, बांधू या" असं तो त्यानंतर म्हणाला. तुमच्या मंडळीत मात्र पाहणीच्या आधी बांधकामाचे तीन आराखडे तयार झालेत.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दोघंही डॉक्टर, आले होते लोकांच्या आरोग्यासाठी. पण गावोगाव बसून ऐकलं तेव्हा लोक आजाराचं बोलेनात, पाण्याचं आणि भाकरीचं बोलू लागले. दुष्काळाचे दिवस होते. आरोळ्यांनी आपलं डॉक्टरपण बाजूला ठेवून आधी पाण्याचं आणि अन्नाचं काम धरलं. पुढे गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येक कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण बाळंतपणं आणि लेकरांची वजनं त्यांनी सांभाळली. १९७९ मध्ये या पतिपत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ही झाली पुढची गोष्ट. तुझ्या कामाची आहे ती पहिली, म्हणजे आधी विचारणं.

तेव्हा पहिला महिना फक्त घरोघरी जा. दोघं दोघं जा, एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी असली तर उत्तम, म्हणजे एकट्या म्हाताऱ्या बाईला दार उघडायला संकोच वाटत नाही. वही बाहेर काढू नका, घरी येऊन लिहा. "तुम्हाला काय हवं?" असंही विचारू नका, कारण तसं विचारलं की माणूस समोरच्याला जे देता येईल तेच मागतो. दिवस कसा जातो ते विचारा. पाणी कोण भरतं, रेशन कोण आणतं, दुखलंखुपलं तर कुणाला हाक मारता, पगार वेळेवर जमा होतो का.

पगार म्हणजे निराधारांचा पगार, हे तुला माहीत असेलच. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये. ऊसतोडीला गेलेल्या घरात मागे राहिलेल्या म्हातारीचा महिना बऱ्याचदा तेवढ्यावरच चालतो. आणि हा पगार कशाने अडतो, तर कधी हयातीचा दाखला राहिला म्हणून, कधी खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून, कधी अंगठा उठत नाही म्हणून. जन्मभर खुरपं आणि कोयता धरलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. मी पाहिलंय, एक आजी त्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायची, लाल दिवा लागायचा, मग ती अंगठा पदराला पुसून, फुंकर घालून पुन्हा ठेवायची. मशीनवरचा मुलगा शेवटी म्हणाला, "उद्या या." तिचं गाव तिथून सहा किलोमीटरवर, आणि एसटी दिवसातून दोनदा. बाळ, या आजीबरोबर शिकलेला एक माणूस असता तर त्याने विचारलं असतं की, दुसरं बोट चालेल का, डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र कुठल्या केंद्रावर आहे, बँकेत थेट जाऊन पैसे निघतील का. काम एवढंसंच आहे, पण त्या घरातली चूल त्यावर पेटते.

गोळ्यांचंही तेच. बीपीची गोळी रोज घ्यायची असते हे कितीतरी जणांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. एका घरी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या पट्ट्या एकत्र दिसल्या, बीपीच्या, गुडघ्याच्या, ॲसिडिटीच्या, काही मुदत संपलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "डोकं गरगरलं की यातली पांढरी घेते." पांढऱ्या तीन प्रकारच्या होत्या.

म्हणून माझं मत विचारशील तर तुमच्या गावात कामाची जागा ठरलेलीच आहे. दसऱ्यापासून तोडीची माणसं परत येईपर्यंत, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची घरं. एवढं एकच काम धरा. वीस घरं, पाच जोड्या, प्रत्येक जोडीला चार घरं, आठवड्याचा वार ठरलेला. भेटीत करायचं काय? गोळ्या पाहायच्या, संपत आल्या असतील तर आशाताईंना सांगायचं, कागदाचं काम अडलं असेल तर सोबत सेतूला जायचं, आणि तोडीवरच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. औषध स्वतः बदलायचं नाही, बंद करायचं नाही, स्वतःच्या मनाने द्यायचंही नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना घालून द्या. आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना सुरू करण्याआधी भेटा. त्यांच्याकडे याद्या असतात, आणि त्यांचं काम कुणी हिसकावतंय असं त्यांना वाटता कामा नये.

वीसच घरं का, असं कमिटी विचारेल. कारण वार चुकला तर ती म्हातारी दारात बसून राहते. पन्नास घरं घेऊन निम्म्या फेऱ्या चुकवण्यापेक्षा वीस घरांना प्रत्येक आठवड्याला जाणं चांगलं.

यादीत कुणाला घ्यायचं, इथे मात्र भांडण होईल, तयारीत राहा. बायबलातल्या प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, पुस्तकात सहाव्या अध्यायात हेच भांडण आहे. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली. प्रेषितांनी ती तक्रार दाबली नाही, सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटप दिलं. तुमच्या यादीत मंडळीतली घरं किती, बाहेरची किती, कुठल्या वस्तीवरची किती, हे ठरवणाऱ्यांत मंडळीबाहेरची दोन माणसं बसवा. निवृत्त गुरुजी असतील, बचत गटाच्या ताई असतील. घर निवडताना एकच गोष्ट पाहायची, माणूस एकटा आहे का.

आता तुझ्या मित्राचं. त्याचं बोलणं तुला लागलं हे मी समजू शकते. पण त्याने पाठीमागे कुजबुज न करता तुला विचारलं, यातच त्याची मैत्री दिसते. त्याला सरळ उत्तर दे, आणि जोडीला घे. खरंच घे, त्याच्या वाट्याला चार घरं दे. बाकी नियम असे असू द्या की ते चावडीवर वाचून दाखवता यावेत. मदतीच्या बदल्यात कुणाला उपासनेला बोलवायचं नाही. भेटीला जाताना पत्रिका-पुस्तिका न्यायच्या नाहीत. फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला तर मुळीच नाही. कुणी पाठवलं असं विचारलं तर "मंडळीने" असं स्वच्छ सांगायचं, लपवायचं काही नाही. आणि एखाद्या आजीने आपणहून "माझ्यासाठी प्रार्थना कर रे" म्हटलं, तर कर. कुणी मागितलेली प्रार्थना नाकारायचं कारण नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय, ते मी या बाबतीत अक्षरशः घेते.

मामेभावाचे पैसे घेऊ नकोस. तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक आहे, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती परदेशी देणगी होते. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी नसताना मंडळीला एक रुपयाही घेता येत नाही. तुमच्या धर्मप्रांताच्या ट्रस्टकडे अशी नोंदणी असेल तर रक्कम ट्रस्टच्या नावे, स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. "माझ्या खात्यावर पाठव, मी मंडळीला देतो," हा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नकोस. भारतीय पासपोर्ट असलेला नातेवाईक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर गोष्ट वेगळी, तरी ट्रस्टच्या सीएला विचारूनच. गावातून वर्गणी काढायची झाली तरी धर्मादाय आयुक्तांचे नियम त्यांच्याकडूनच समजून घे.

पण खरं सांगू? या कामाला लाख रुपये लागतच नाहीत. एसटीचं भाडं, झेरॉक्स, फॉर्मचे पैसे, अडीअडचणीला रिक्षा. महिन्यातल्या एका रविवारचं अर्पण यासाठी वेगळं काढा, ट्रस्टच्या ठरावाने वेगळं पासबुक उघडा, दोन सह्या ठेवा. हिशेब दर महिन्याला चर्चच्या फलकावर लावा, आणि त्याची एक प्रत त्या गुरुजींकडेही द्या.

अभ्यासिकेचा विचार चांगला आहे, पण तो दुसऱ्या वर्षी. लहान मुलांचं काम घेतलं की खोलीत नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, पालकांची परवानगी हवी, आणि पालक तर तोडीवर. एवढी माणसं आज तुमच्याकडे नाहीत. ब्लँकेटचं सांगायचं तर महिला मंडळाने जरूर घ्यावेत, पण मांडवात वाटू नयेत. जोडी घरी जाईल तेव्हा थंडीने कुडकुडणाऱ्याला द्यावा.

वडीलधाऱ्यांना दुखवू नकोस. त्यांना शिबिर हवंय कारण मंडळी गावाच्या डोळ्यांत भरावी असं त्यांना मनापासून वाटतं, आणि त्यात वाईट काही नाही. त्यांच्यातल्या एकाला तहसीलच्या कामाचा प्रमुख कर. तलाठी, कोतवाल, बँकेचे कॅशियर यांच्याशी त्यांची चाळीस वर्षांची ओळख असते. तुम्हा मुलांना खिडकीतून परत पाठवतील, त्यांना आत बोलावून चहा देतील. दसऱ्याला अजून वेळ आहे. आधी आशाताईंची यादी मिळव.

प्रश्न : ताई, आमच्या मंडळीत अकराच घरं, तीही साठीच्या पुढच्यांची. मुलं पुण्या-मुंबईला. आम्हाला पायी फार फिरवत नाही. आम्ही काय सेवा करणार? — एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, बसून करण्यासारखं काम सांगते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसं लोटतात. केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा, रक्त कुठे द्यायचं, रिपोर्ट कधी मिळेल, हे त्यांना कुणी सांगत नाही आणि पाटी वाचता येत नाही. वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज करून लेखी परवानगी घ्या आणि त्या दिवशी सकाळी दोघी-दोघी बाकावर बसा. वाट दाखवायची, कागद वाचून द्यायचा, घाबरलेल्या बाईजवळ थोडं बसायचं. औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही. मंडळीत कुणी निवृत्त शिक्षिका असतील तर त्यांना या कामात आधी घ्या, त्यांचा आवाज गर्दीतही ऐकू येतो. बाकी ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांनी घरी परतलेल्या रुग्णांना दोन दिवसांनी फोन करावा, "रिपोर्ट आणला का?" एवढंच विचारायला. मात्र नंबर त्यांच्या परवानगीनेच लिहून घ्या.