नाशिकमध्ये रोज जवळ ठेवायला भरवशाचा छोटा चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही काम नीट सांगितलंय म्हणून उत्तर देणं सोपं जातंय. सातपूरला कंपनीत डिस्पॅचला आहात, दिवसभर टेप आणि सुतळी कापायची असते, डब्यासोबत पेरू नाहीतर सफरचंद असतं, रविवारी अंजनेरी किंवा हरिहरचा किल्ला. बजेट दोन हजारांपर्यंत. शेवटी तुम्ही "सेफ्टीसाठीही जवळ असलेला बरा" असंही लिहिलंय. आधी त्याबद्दल बोलतो.

सेफ्टीसाठी चाकू बाळगू नका. अगदी कळकळीने सांगतोय. झटापटीत पहिल्यांदा आपलाच हात कापतो, नाहीतर चाकू समोरच्याच्या हातात जातो, आणि जी बाचाबाची दोन मिनिटांत मिटली असती तिची पोलीस केस होते. शिवाय हा विचार डोक्यात असला की माणूस भलताच चाकू घेतो: लांब, टोकदार, काळ्या पात्याचा, खटका दाबला की उघडणारा. असल्या चाकूने पेरूची फोडसुद्धा नीट होत नाही.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम बघितले, तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तुम्हाला लागणारा चाकू याच्या पुष्कळ आत बसतो. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. सण, निवडणूक, मोर्चे असले की पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश काढतात आणि त्यात सुरे वगैरे बाळगायला बंदी असते. पेपरात छोटी बातमी येते, ती वाचत जा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाताना तर चाकू घरीच राहू द्या. कोर्ट, मॉल, मोठी देवस्थानं इथेही तेच. खटक्याचा चाकू मात्र कुठेच नको. बाहेरगावी जाताना आणखी जपा: दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाच्या किंवा स्प्रिंगच्या चाकूला पात्याच्या ७.६२ सेंटिमीटर लांबीपासूनच बंदी लागू होते.

आता खरा प्रश्न.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे धारेच्या हत्यारांशी लहानपणापासून संबंध. ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरिज या रानटी द्राक्षवेलाच्या खुंटावर कलमं बांधली जातात तेव्हा कारागिराच्या हाताकडे बघावं. काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर करायची, खुंटाच्या चिरेत बसवायची, साल सालीला भिडवायची आणि पट्टी आवळायची. काप एका ओढीत, आरशासारखा गुळगुळीत पडला पाहिजे. धार जरा उतरलेली असली की साल चेचते आणि कलम धरत नाही. म्हणून तो माणूस थोड्या काड्या झाल्या की पातं दगडावर दोन-चार वेळा फिरवतो, बोथट व्हायची वाट बघत नाही. आणि त्या चाकूने तो दुसरं काहीही कापत नाही, सुतळीसुद्धा नाही.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे कंपनीतल्या खोक्यांसाठी चाकू वापरूच नका. पुठ्ठा दिसायला मऊ, पण धार फार लवकर खातो, आणि टेपचा चिकटा पात्यावर बसतो तो वेगळाच. तिथे पातं मोडत जायचं कटर वापरा. मोडत्या पात्याचं कटर १९५६ मध्ये जपानच्या ओसाकात निघालं, ओल्फा ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. १८ मिलिमीटर रुंद पात्याचं घ्या, ९ मिलिमीटरचं कागदासाठी ठीक. कंपनीच्या स्टोअरमध्ये मिळत असेल तर उत्तमच, म्हणजे ते गेटमधून रोज ने-आण करावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जो चाकू तुम्हाला घरी धार लावून ठेवता येईल तोच भरवशाचा. ऑनलाइन बघायला गेलात की डी-टू वगैरे कडक पोलादांची भुरळ पडते. त्यांची धार टिकते हे खरं, पण एकदा गेली की साध्या दगडावर परत आणताना हात भरून येतात, आणि डी-टू पुरतं स्टेनलेसही नाही. स्टेनलेसमध्ये साधारण १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं म्हणून ते गंजाला दाद देत नाही. साधं कार्बन पोलाद फार छान धार घेतं, पण लिंबू, कांदा, द्राक्ष लागलं की काळं पडतं आणि पावसाळ्यात ओलं राहिलं की गंजतं. तुम्ही पावसात हरिहरला जाणार आणि चाकू सॅकमध्ये विसरणार, तेव्हा स्टेनलेसच घ्या. नुसतं "स्टेनलेस स्टील" असा शिक्का असलेला, कंपनीचं नाव नसलेला चाकू टाळा. तसले बहुतेक मऊ निघतात.

माझी पहिली पसंती व्हिक्टोरिनॉक्सचा मिटल्यावर ८४ मिलिमीटर लांबीचा साधा चाकू, बँटम किंवा त्याच्या जवळपासचा. कंपनी १८८४ पासूनची, स्वित्झर्लंडच्या इबाखची. पातं सहा सेंटिमीटरच्या आसपास, पोलाद थोडं मऊ बाजूचं, म्हणून दगडावर पटकन धरतं. पंधरा अवजारांचा जाडजूड घेऊ नका, खिशात जड होतो आणि आठ दिवसांत घरी राहायला लागतो. लाल मुठीच्या नकला सगळीकडे विकायला असतात. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि "स्विस मेड" कोरलेलं असतं, ते बघूनच पैसे द्या. याला लॉक नसतो, पातं फक्त स्प्रिंगच्या दाबाने उभं राहतं. म्हणून टोकाने भोक पाडायला किंवा काही उचकटायला जाऊ नका, पातं उलटं बोटांवर मिटतं.

लॉक हवाच असेल तर ओपिनेल नंबर ६, स्टेनलेसचा. १८९० पासून फ्रान्समध्ये बनतो, लाकडी मूठ, साधारण सात सेंटिमीटरचं पातं, आणि गळ्याशी फिरणारी धातूची कडी. १९५५ मध्ये आलेली ही कडी फिरवली की पातं जागचं हलत नाही. फळ कापायला याच्यासारखा चाकू नाही, पातं पातळ आहे म्हणून फोड फाटत नाही. खोड एकच: पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं. अशा वेळी नखाने ओढत बसू नका. कडी उघडी करा, मूठ मधोमध धरा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं थोडं बाहेर येतं. उन्हाळ्यात मूठ चांगली वाळली की सांध्यात जवसाचं तेल मुरवून ठेवा, त्रास बराच कमी होतो.

आणि नुसती डब्यातली फळंच कापायची असतील तर व्हिक्टोरिनॉक्सचीच आठ सेंटिमीटरची स्वयंपाकघरातली छोटी सुरी काही शेकड्यांत मिळते. तिला जाड पुठ्ठ्याचं नाहीतर प्लास्टिकचं म्यान करा. डब्याच्या पिशवीत सुरी असली तर कुणाला नवल वाटत नाही, हा तिचा मोठा फायदा.

भांडी बाजारात किंवा मेन रोडला दुकानात घेणार असाल तर हातात घेऊन तपासा. पातं पूर्ण उघडा, एका हाताने मूठ पक्की धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ टोकाजवळ धरून डावी-उजवीकडे हलवा. सांध्यात खेळ जाणवला की परत द्या. नवा असतानाच खेळ आहे तर वर्षभरात पातं डुगडुगणार. मग मिटवून मुठीकडे वरून बघा, पातं बरोबर मधोमध बसलं पाहिजे, एका बाजूला घासत असेल तर नको. व्हिक्टोरिनॉक्स असेल तर उघडताना-मिटताना स्प्रिंगची ठोक स्वच्छ ऐकू यायला हवी.

धारेसाठी हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा दगड आणा, एक बाजू जाड, एक बारीक. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, ते निम्मं खाली आणा, म्हणजे ४५ अंश, पुन्हा निम्मं, आणि त्याहून किंचित खाली. झाले २० अंश. तोच कोन सांभाळून एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला अंगठा धारेवरून बाहेरच्या दिशेने हलकेच सरकवला की बारीक खरखरीत कड लागते. ती बुडापासून टोकापर्यंत लागली की बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने, आणि मग जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं पाठीकडून ओढा. पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली म्हणजे धार आली.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कोयता खुशाल द्या, पण हा चाकू नको. फिरत्या चाकावर पातळ पातं तापतं, कड निळसर दिसली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच म्हणून समजा. त्यानंतर कितीही घासा, धार टिकत नाही.

डावखुरे असाल तर ऑनलाइन मागवण्याआधी एकदा दुकानात उघडून बघा. नखाची खाच बहुतेक चाकूंना उजव्या हाताच्या हिशेबाने असते. आणि ओझरहून विमानाने जाणार असाल तर चाकू आदल्या रात्रीच चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सापडला तर तिथेच काढून घेतात.