सगळे विकून एकाच लेन्सचा कॅमेरा घेण्यापूर्वी

खांदेदुखीमुळे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फोटो टिपणारी चिप पूर्ण आकारापेक्षा लहान असलेला), लेन्स बदलता येणारा डीएसएलआर आणि तिन्ही लेन्स विकून फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय किंवा रिकोचा जीआर थ्री हा लेन्स न बदलता येणारा लहान कॅमेरा घ्यावा का, असे आपण विचारले आहे, आणि ओळखीचा एक विक्रेता पक्के बिल न देता बऱ्याच कमी किमतीत कॅमेरा द्यायला तयार आहे, असे शेवटच्या ओळीत लिहिले आहे. ती शेवटची ओळ वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण सहा वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही. पुढचे सारे एका हौशी माणसाच्या अनुभवावरून लिहीत आहे.

सेन्सर आणि मेगापिक्सेल यांची तुलना आपण केलेलीच दिसते, त्यामुळे त्यात शिरत नाही. वजनाचा फायदा खरा आहे. बॅटरी आणि कार्डासह एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅम भरतो आणि जीआर थ्री अवघा २५७ ग्रॅम, तर माझी जुनी बॅग अडीच किलोंच्या आसपास होती. आपण वारीचा उल्लेख केला आहे म्हणून सांगतो, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलींच्या शेजारून चालताना मोठी लेन्स पुढे आली की त्या पदर सावरतात आणि चेहरा बदलतो. लहान कॅमेऱ्याकडे मात्र त्यांचे लक्षही जात नाही. या दोन्ही कॅमेऱ्यांत लीफ शटर, म्हणजे लेन्समध्येच बसवलेले शटर, असल्यामुळे आवाज जवळजवळ होत नाही आणि भर उन्हात फ्लॅश वापरणेही सोपे जाते.

दिवे घाटात मात्र या आनंदाला मर्यादा येते. वळणावळणाने चढणारी दिंड्यांची रांग जीआर थ्रीच्या २८ मिमीच्या रुंद चौकटीतून डोंगरावरच्या पांढऱ्या दोऱ्याएवढी दिसते. नंतर क्रॉप करता येईल असे सगळे सांगतात आणि ते काही अंशी बरोबर आहे, पण एक्स१००व्हीआयच्या ३५ मिमीच्या चौकटीतून ७० मिमीइतका भाग कापला की ४० मेगापिक्सेलपैकी दहाच उरतात.

आता माझ्या चुकीविषयी. कॅमेऱ्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्याच्यापेक्षा माझ्या खरेदीचा होता. अठरा हजार रुपये वाचतात म्हणून मी बाहेरून आलेला, इंडिया वॉरंटी नसलेला कॅमेरा साध्या कच्च्या पावतीवर घेतला आणि त्याच आठवड्यात जुनी सगळी सामग्री विकून टाकली. दुसऱ्या वारीनंतर फोटो पाहताना आकाशात, भगव्या पताकेच्या थोडे वर, एक करडा ठिपका दिसला. पुढच्या फोटोत पताका नव्हती, पण ठिपका त्याच जागी होता. एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे असताना, तो दिसत नसे. एफ/११ च्या पुढे, छिद्र लहान झाल्यावर, मात्र स्पष्ट उमटे. सेन्सरवर धूळ बसली होती. डीएसएलआरमध्ये लेन्स काढून ब्लोअरने दोन मिनिटांत होणारे काम इथे घरी करताच येत नाही, कारण सेन्सरपर्यंत पोहोचायचे तर कॅमेराच उघडावा लागतो.

सेवा केंद्रात गेलो, तेव्हा हा सिरियल नंबर आमच्या नोंदीत नाही, म्हणून पैसे देऊनही काम होणार नाही, असे सांगण्यात आले. तीन आठवडे ई-मेल लिहिल्यावर त्यांनी कॅमेरा ठेवून घेतला, मग संपूर्ण लेन्स युनिट बदलण्याचा एकतीस हजारांचा अंदाज दिला आणि मी होकार कळवूनही भाग उपलब्ध नसल्याची चिठ्ठी लावून अकराव्या आठवड्यात तो तसाच परत केला. मधल्या काळात पुतणीचे लग्न झाले. हातात दुसरा कॅमेरा नसल्यामुळे घरच्या लग्नाचे सगळे फोटो मी मोबाइलवर काढले आणि सप्तपदीच्या वेळच्या मंद उजेडात एकही चेहरा नीट आला नाही. अजूनही तो अल्बम पाहताना वाईट वाटते. शेवटी एका कारागिराने अडीच हजारांत कॅमेरा उघडून ठिपका घालवला, पण तेव्हापासून फोटोची डावी कड थोडी मऊच येते. त्या कारागिराला मी दोष देत नाही, कारण त्याने हा धोका आधीच सांगितला होता.

वॉरंटी असली तरी धुळीचे काम तिच्यात बसेलच असे नाही; तेही खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्या. पण पक्के बिल असेल तर निदान दारातून परत पाठवत नाहीत, आणि माझ्या मते वाचणाऱ्या पैशांपेक्षा हे मोलाचे आहे. लेन्स, सेन्सर आणि बॉडी एकच वस्तू झाल्यावर एका भागाचा बिघाड म्हणजे संपूर्ण कॅमेरा हातातून जाणे, हे मला उशिरा कळले.

म्हणून डीएसएलआरची बॉडी आणि १८-५५ लेन्स सध्या विकू नका. तसेही त्यांचे फार पैसे येत नाहीत. उलट त्याच लेन्सची झूमची रिंग चिकटपट्टीने २४ च्या खुणेवर पक्की करून महिनाभर फोटो काढा. क्रॉप सेन्सरवर ती चौकट साधारण ३५ मिमीची, म्हणजे एक्स१००व्हीआयच्या जवळची असते, आणि १८ वर ठेवली तर जीआर थ्रीच्या जवळची. महिन्यात कितीदा पट्टी काढाविशी वाटली, ते मोजा.

दोन्हींपैकी एक निवडायचा तर वारीच्या पावसासाठी मी एक्स१००व्हीआय घेईन, कारण पुढे अडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावल्यावर त्याला पाणी-धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, तर जीआर थ्रीला तशी सोय नाही. तरीही भर पावसात छत्री हवीच. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. या कॅमेऱ्यात बुरशी लागली तर लेन्स बदलून सुटका होत नाही. आणि दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ/१६ वर काढून, पूर्ण मोठा करून, चारही कोपरे तपासा.