एकच काडतूस सरावाला, घराच्या रक्षणाला आणि अस्वलांच्या रानात चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीन कार्ड मिळाल्यावर तुम्ही ९ मिमीचे पिस्तूल घेतले, आता न्यू जर्सीहून बदली होऊन कुटुंबासह मोंटानात राहायला येत आहात, आणि ‘सर्वांत जोरदार काडतूस घ्या, ते सगळ्याला चालेल’ असे दुकानदाराने सांगितले, ते खरे आहे का. मी मोंटानात राहतो आणि इथल्या नेमबाजीच्या क्लबात नव्याने शिकणाऱ्यांना मदत करतो. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे आणि घरात मुले असलेल्या माणसाला तर तो देऊच नये. गोळी किती जोरात जाते हे पाहण्याआधी ती कुठे जाऊन थांबायला हवी हे ठरवावे लागते. सरावात ती मातीच्या बांधात थांबते. घरात ती हल्लेखोराच्या शरीरातच थांबली पाहिजे, कारण त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे आपलेच कोणी झोपलेले असू शकते. ग्रिझली अस्वलासमोर मात्र तीच गोळी चरबी, स्नायू आणि हाडे भेदून खूप खोलवर गेली पाहिजे. शेवटच्या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि एका गोळीकडून त्या दोन्ही पुऱ्या होत नाहीत.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याविषयी थोडे लिहितो, कारण हे उत्तर तुमच्याखेरीज इतरही मराठी मंडळी वाचतील. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, वैध शिकार परवान्यासारखा एखादा अपवाद लागू नसेल तर, बंदूकच काय पण एक काडतूसही बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. राज्यांचे कायदे आणखी निराळे असतात. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्या स्वतःच्या घरात ठेवता येतात आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नेता येतात, परंतु एरवी त्या जवळ बाळगणे तिथे गुन्हा ठरत आले आहे. मोंटानात तसे बंधन नाही. सामान हलवण्याआधी वाटेतल्या राज्यांचे नियमही पाहून घ्या.

आता खोक्यावरच्या मजकुराविषयी. ‘९ मिमी ल्युगर’, ‘९ मिमी पॅराबेलम’ आणि ‘९ बाय १९’ ही एकाच काडतुसाची नावे आहेत. परंतु ‘९ मिमी कुर्झ’ म्हणजे .३८० एसीपी हे वेगळेच, आखूड काडतूस, आणि ‘९ मिमी मकारोव्ह’ हे तिसरेच काडतूस आहे. पिस्तुलाच्या नळीवर कोरलेले नाव आणि खोक्यावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. त्यानंतर गोळीचे वजन येते. ते ग्रेनमध्ये दिलेले असते. एका पौंडात ७,००० ग्रेन येतात, म्हणजे ११५ ग्रेनची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची आणि १४७ ग्रेनची साडेनऊ ग्रॅमची झाली. ‘प्लस पी’ असे लिहिलेले असेल तर त्या काडतुसातील दाब जास्त आहे: साध्या ९ मिमीसाठी कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ३५,००० पौंड आहे आणि ‘प्लस पी’साठी ३८,५००. तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच ती वापरा. ‘प्लस पी प्लस’ला असे ठरलेले मानकच नाही, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

सरावाचे काडतूस निवडणे सोपे आहे. शिशाच्या गोळीवर तांब्याचे पूर्ण आवरण असलेली, म्हणजे फुल मेटल जॅकेट प्रकारची, ११५ किंवा १२४ ग्रेनची आणि पितळी पुंगळीची (पुंगळी म्हणजे दारू आणि गोळी ज्यात बसवतात ते नळकांडे) फॅक्टरीत भरलेली काडतुसे घ्या. ती पन्नासच्या खोक्यात मिळतात आणि संरक्षणाच्या काडतुसांच्या तुलनेत बरीच स्वस्त पडतात, त्यामुळे भरपूर सराव परवडतो. माझ्या दृष्टीने हाच त्यांचा मुख्य गुण आहे. पोलादी पुंगळीची काडतुसे आणखी स्वस्त असतात, पण अनेक बंदिस्त रेंजवर ती चालत नाहीत, आणि गोळीला लोहचुंबक चिकटला तर ती परत न्यायला सांगतात. कोणीतरी घरी किंवा गॅरेजमध्ये पुन्हा भरलेली काडतुसे ओळखीखातरही घेऊ नका. गोळी झाडताना नेहमीच्या धमाक्याऐवजी बारीकसा ‘फट्’ असा आवाज आला आणि झटकाही जाणवला नाही, तर तिथेच थांबा, कारण दारू अपुरी असल्यामुळे ती गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. रेंजवरून आल्यावर हात व तोंड साबण आणि थंड पाण्याने धुवावे, कपडे बदलावेत आणि मगच मुलांना जवळ घ्यावे. प्रायमरमधील, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टिकलीतील, शिशाच्या संयुगाची धूळ अंगावर बसते आणि लहान मुलांना शिसे फार लवकर बाधते.

घराच्या रक्षणासाठी मात्र हीच गोळी वापरू नये. तांब्याच्या आवरणाची गोळी शरीरात आकार बदलत नाही, आरपार जाते आणि पलीकडेही घातक राहते. पुण्या-नाशिकच्या विटांच्या भिंतींत वाढलेल्या आपल्या लोकांना अमेरिकन घराचा अंदाज नसतो. इथली आतली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी ठोकलेला अर्धा इंच जाडीचा जिप्समचा पत्रा. पिस्तुलाची गोळी अशा कित्येक भिंती सहज पार करते. म्हणून इथे पोकळ टोकाची, म्हणजे हॉलो पॉइंट गोळी लागते. शरीरातील द्रव तिच्या टोकाच्या पोकळीत दाबाने शिरतो, आवरण पाकळ्यांसारखे उलगडते, गोळीचा व्यास वाढतो आणि ती लवकर थांबते. एक इशारा इथेच देतो: हॉलो पॉइंट भिंतींत थांबते असे समजू नका. नेम चुकला तर पोकळीत जिप्समची भुकटी भरते, गोळी उलगडत नाही आणि साध्या गोळीसारखीच पुढे जाते. त्यामुळे मुलांच्या खोल्या कोणत्या बाजूला आहेत आणि कोणत्या दिशेने कधीही गोळी झाडायची नाही, हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

गोळी किती आत जावी याचे आजचे माप एका दुःखद घटनेतून आले आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत बँकलुटारू आणि एफबीआय या अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेचे अधिकारी यांच्यात चकमक झाली, तीत दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका लुटारूला सुरुवातीलाच लागलेली ९ मिमीची हॉलो पॉइंट गोळी त्याच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि तो माणूस पुढेही गोळ्या झाडत राहिला. त्यानंतर एफबीआयने चाचणीची पद्धत बांधली: दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, समोर जाड कपडे, जिप्समचा पत्रा, प्लायवूड, लोखंडी पत्रा किंवा गाडीची काच ठेवूनही, गोळी किमान १२ इंच गेली पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे शक्यतो जाऊ नये. एफबीआय आधी १० मिमी व नंतर .४० एस अँड डब्ल्यू या मोठ्या काडतुसांकडे वळली, पण गोळ्यांची घडण सुधारल्यावर गेल्या दशकात ९ मिमीवर परत आली, कारण कमी झटक्यामुळे अधिकाऱ्यांचा नेम सुधारतो. त्यामुळे तुमचे पिस्तूल लहान पडेल ही चिंता सोडून द्या.

फेडरल एचएसटी आणि स्पीअर गोल्ड डॉट या दोन मालिका पोलिसांच्या वापरात दीर्घकाळ टिकल्या आहेत. यांपैकी जी सहज मिळेल ती १२४ किंवा १४७ ग्रेनमध्ये घ्या. ठेंगण्या नळीच्या पिस्तुलात गोळीचा वेग कमी पडतो आणि काही गोळ्या नीट उलगडत नाहीत, हे लक्षात ठेवा. मोंटानात हिवाळा लांबतो आणि माणसे कपड्यांवर कपडे घालतात, म्हणून जाड कपड्यांच्या चाचणीचा निकाल मी सर्वांत आधी बघतो. ‘हिने समोरचा जागीच कोसळतो’ अशा जाहिराती असलेल्या चित्रविचित्र आकाराच्या महाग गोळ्या घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच पुरेशा आत जात नाहीत.

संरक्षणाची काडतुसे एकदा भरली की लोक ती विसरतात, याचाही त्रास होतो. रोज रात्री पिस्तूल भरायचे आणि सकाळी रिकामे करायचे अशी सवय असली, तर मॅगझिनमधले, म्हणजे पिस्तुलात बसवायच्या काडतुसांच्या पेटीतले, सर्वांत वरचे काडतूस रोज नळीच्या तोंडाच्या उतारावर आपटते आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत सरकते. खोक्यातले नवे काडतूस आणि हे वापरातले काडतूस टेबलावर शेजारी शेजारी उभे करून डोळे त्यांच्या पातळीवर आणा. वापरातले किंचित जरी बुटके दिसले तरी ते झाडू नका, कारण आतली जागा कमी झाल्यामुळे दाब धोकादायकरीत्या वाढतो. अशी काडतुसे बाजूला काढून रेंजवाल्यांकडे विल्हेवाटीसाठी द्यावीत. घरात मुले आहेत, म्हणून पिस्तूल आणि काडतुसे दोन्ही कुलपात राहिली पाहिजेत.

आता रानाविषयी, जिथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ‘रान’ सगळीकडे सारखे नसते. कोलोराडोत काळी अस्वले आणि पहाडी सिंह आहेत, ग्रिझली नाहीत. तुम्ही येत आहात त्या मोंटानात काळी अस्वले आणि ग्रिझली दोन्ही आहेत. धावत येणारे ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठते, म्हणजे तीस मीटरचे अंतर तोडायला त्याला दोन सेकंद पुरतात. इतक्या वेळात पिस्तूल काढून, हलत्या आणि खालीवर होणाऱ्या डोक्यावर नेम धरणे रोज सराव करणाऱ्यालाही कठीण जाते. म्हणून माझा पहिला सल्ला काडतुसाचा नाही: प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला किंवा छातीवर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, असावा. तो पाठीवरच्या पिशवीत उपयोगाचा नाही. अलास्कातील घटनांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्प्रेने अस्वलांचे नको ते वर्तन नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा थांबवले आणि स्प्रे जवळ असलेली बहुतेक सर्व माणसे सुखरूप राहिली. त्याच संशोधकांपैकी काहींनी २०१२ साली बंदुकांचा अभ्यास मांडला, त्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे यश ८४ टक्के होते. दोन्ही अभ्यासांतील प्रसंग सारख्या तीव्रतेचे नव्हते, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून पैज लावू नये. पण स्प्रेला अचूक नेम लागत नाही आणि त्याने अस्वलही जिवंत राहते. डब्यावरची मुदत तपासा, आणि तो विमानात कोणत्याही सामानात चालत नाही म्हणून इथे आल्यावरच घ्या.

तरीही पिस्तूल बरोबर ठेवायचे असेल तर त्यात हॉलो पॉइंट भरू नका. घरात जो तिचा गुण, तोच इथे दोष ठरतो: ती उलगडते आणि अस्वलाच्या खांद्याच्या जाड स्नायूंत किंवा हाडावर उथळ थांबते. इथे न उलगडणारी, जड आणि सपाट टोकाची गोळी हवी. कठीण मिश्रधातूच्या शिशातून ओतलेली ‘हार्ड कास्ट’ गोळी त्यासाठीच असते. ९ मिमीमध्ये ती १४७ ग्रेनची ‘प्लस पी’ मिळते. अलास्कातील एका अनुभवी वाटाड्याने २०१६ साली अंगावर आलेले ग्रिझली अशाच काडतुसांनी थांबवले होते, पण तो आयुष्यभर अस्वलांच्या प्रदेशात वावरलेला माणूस होता, हे विसरू नका. ग्रीनलंडमध्ये गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी १० मिमीचे पिस्तूल बाळगते, आणि पुढे कधी दुसरे पिस्तूल घेणार असाल तर २०० ग्रेन वा त्याहून जड गोळीचे १० मिमी किंवा .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर विचारात घ्या. तुमचे पिस्तूल ग्लॉक असेल तर कंपनीची पुस्तिका उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असे सांगते. तेव्हा तांब्याच्या आवरणाची, सपाट टोकाची १४७ ग्रेनची गोळी हा सुरक्षित पर्याय आहे, आणि ती सरावाच्या काडतुसांपेक्षा थोडीच महाग असते. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते, पण ते झाडण्यावर मनाई कायम आहे, आणि ग्रिझली संरक्षित प्राणी असल्यामुळे जीव वाचवण्यासाठी गोळी झाडावी लागली तरी ताबडतोब वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवावे लागते.

जे काडतूस निवडाल ते तुमच्याच पिस्तुलातून, तुमच्याच मॅगझिनमधून झाडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. सपाट टोकाच्या गोळ्या काही पिस्तुलांत अडतात, आणि तोच दोष रानात कळणे परवडणारे नाही. संरक्षणाच्या आणि रानातल्या काडतुसांची दोन-तीन खोकी खर्ची घालावी लागतील. तेवढा खर्च धरूनच चला. सरावासाठीही त्याच वजनाची गोळी घेतली तर झटका आणि नेम यांत फार फरक पडत नाही. दोन प्रकारांची मॅगझिन वेगळी ठेवा आणि त्यांवर रंगीत पट्टी लावा, म्हणजे डोंगरातून परतल्यावर अस्वलासाठीची आरपार जाणारी गोळी चुकून उशाजवळच्या पिस्तुलात राहणार नाही.

आणखी एक गोष्ट भारतात जाण्यासंबंधी. रेंजवर जी पिशवी नेता ती प्रवासाला कधीही घेऊ नका. तळाच्या शिवणीत अडकलेले एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसले तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. काडतूस नकळत राहून गेले होते, जाणीवपूर्वक बाळगलेले नव्हते, या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, परंतु तोवर विमान चुकते, पोलीस ठाण्याच्या व न्यायालयाच्या फेऱ्या होतात आणि सुट्टी त्यातच जाते. सामान भरण्याआधी पिशवीचे, जॅकेटचे आणि गाडीतल्या कप्प्याचे सगळे खिसे उलटे करून झटकून पाहा.