जहाजांवरचे पट्टे आणि आजचे चित्रकार

प्रश्न : पहिल्या महायुद्धात जहाजांवर काळे-पांढरे आडवेतिडवे पट्टे रंगवत असत, असे वाचनात आले. असे जहाज तर लांबूनही नजरेत भरेल. मग बचाव कसा होई? शिवाय अलीकडे काही चित्रकारांनी खऱ्या बोटी याच पद्धतीने रंगवल्या आहेत. त्यांना कलाकृती म्हणावे की नुसती सजावट?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जहाज दिसू नये हा त्या पट्ट्यांचा उद्देशच नव्हता. समुद्रावरचा उजेड आणि आभाळाचा रंग सतत पालटत असल्याने जहाज पुरते लपवील असा एकच रंग सापडणे शक्य नाही, हे ओळखून नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश नौदलात असलेल्या चित्रकाराने १९१७ साली वेगळीच युक्ती सुचवली. टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून सोडलेले स्फोटक अस्त्र, पोहोचेल तेव्हा जहाज जिथे असेल, तिथे पाणबुडीच्या कप्तानाला नेम धरावा लागतो आणि त्यासाठी जहाजाचा वेग, अंतर व दिशा पेरिस्कोपमधून झटपट अजमावावी लागते. तिरक्या पट्ट्यांमुळे दिशेचा हा अंदाजच चुकावा, अशी योजना होती. ‘डॅझल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या रंगकामाने किती जहाजे वाचली, हे मात्र नौदलालाही ठामपणे सिद्ध करता आले नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बोटीगणिक बदलते, असे मला वाटते. महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त ब्रिटनमध्ये अनेक बोटी रंगवल्या गेल्या. ब्रिटिश चित्रकार पीटर ब्लेक यांनी २०१५ मध्ये लिव्हरपूलची ‘स्नोड्रॉप’ ही प्रवासी फेरीबोट रंगवली. ती प्रसन्न दिसते, पण सजावटीच्या फार पुढे जात नाही. त्याआधी २०१४ मध्ये व्हेनेझुएलाचे कार्लोस क्रूझ-दिएझ यांनी त्याच शहरातल्या कोरड्या गोदीत उभ्या असलेल्या ‘एडमंड गार्डनर’ या जुन्या बोटीवर काम केले. पाहणारा जागा बदलेल तसे रंग कसे बदलतात, याचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला होता. बोट जागची हलत नसली, तरी काठाने चालणाऱ्या माणसाच्या नजरेत तिच्यावरचे पट्टे हलू लागतात. इथे जुन्या युक्तीचे मर्म खरोखर पकडले आहे.

तरीही सर्वांत मोलाची कृती मला २०१६ मधली वाटते. एडिनबरोच्या लीथ बंदरात कियारा फिलिप्स यांनी ‘फिंगल’ हे जहाज रंगवले आणि कृतीला ‘एव्हरी वुमन’ असे नाव दिले. महायुद्धात डॅझलच्या नक्ष्या तयार करणारा विल्किन्सन यांचा विभाग लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत होता. तिथे जहाजांच्या लहान लाकडी प्रतिकृती रंगवून, फिरत्या टेबलावर ठेवून, पेरिस्कोपमधून तपासत. ते रंगवण्याचे काम करणाऱ्यांत कलाशाळांतून आलेल्या अनेक तरुणी होत्या, परंतु नाव झाले ते मुख्यतः विल्किन्सन यांचे. फिलिप्स यांनी या स्त्रियांची आठवण ठेवली आणि जहाजाच्या अंगावरच मोर्स या तारसंदेशांच्या सांकेतिक लिपीतल्या टिंबरेषांत स्त्रियांविषयीचा संदेश रंगवला. चकवण्यासाठी शोधलेल्या नक्षीकडून इथे सांगण्याचे काम करून घेतले आहे, आणि अशा कृतीला कला म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.