बोटीवरचं दारूकाम: कुठून बघायचं आणि फुलबाज्या का न्यायच्या नाहीत

दिवाळीच्या आठवड्यात तुम्ही फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून डिस्नेच्या बहामा क्रूझला निघालाय. तुमचे प्रश्न असे: भर समुद्रात खरंच आतषबाजी होते का, लेकीला ती नीट दिसावी म्हणून कुठे उभं राहायचं, दुसऱ्या कंपन्या असं का करत नाहीत, आणि त्याच रात्री डेकवर तिच्या हातात दोन फुलबाज्या दिल्या तर चालेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, शेवटच्याचं ठाम नाही. मी मालवाहू बोटींवर डेक ऑफिसर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नातवंडांबरोबर अशा क्रूझवर प्रवासी म्हणूनही गेलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. उत्तर लांबेल, पण शेवटच्या प्रश्नाचं कारण कळल्याशिवाय आधीच्या प्रश्नांची गंमत कळणार नाही.

समुद्रावर रात्री आकाशात उडालेल्या उजेडाला एक ठरलेला अर्थ आहे: वाचवा. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक मोठ्या व्यापारी जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, किंवा त्याच्या जवळ पॅराशूटची किमान १२ रॉकेटं ठेवावीच लागतात. बहुतेक बोटींवर त्यांची जबाबदारी थर्ड मेटकडे, म्हणजे डेकवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे असते, तशी माझ्याकडेही होती. हातात धरायची नळी, दोन्ही तोंडांना झाकणं, वर बाणाची खूण, खालचं झाकण काढलं की आत दोरी. रॉकेट निदान ३०० मीटर उंच जातं, तिथे लाल ज्योत पेटते आणि छत्रीला लटकून हळूहळू खाली येते. ज्योत किमान ४० सेकंद जळली पाहिजे, तिची तेजस्विता ३०,००० कँडेला असली पाहिजे आणि सेकंदाला ५ मीटरपेक्षा वेगानं उतरता कामा नये, इतकं सगळं नियमात लिहिलेलं आहे. मुदत साधारण तीन वर्षांची. मुदत संपली की ती बंदरात रीतसर जमा करायची. ‘थर्टी फर्स्टला उडवून टाकू’ असं तरुण खलाशी दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी त्यांना नको म्हणून सांगावं लागतं. मुंबई बंदरात त्या रात्री बाराला सगळ्या बोटी भोंगे वाजवतात, तेवढं पुरे आहे.

इतकी कडक शिस्त का, हे टायटॅनिकच्या रात्रीवरून कळतं. १५ एप्रिल १९१२ ला पहाटेच्या आधी टायटॅनिकनं पांढरी रॉकेटं सोडली आणि ती कॅलिफोर्नियन नावाच्या बोटीवरून दिसलीही. तिच्यावर पहाऱ्याला असलेल्या सेकंड ऑफिसरनं, हर्बर्ट स्टोननं, आपल्या कॅप्टन लॉर्डला बोलण्याच्या नळीवरून तसं कळवलं. कॅप्टननं विचारलं, कंपनीचे सिग्नल आहेत का? कारण त्या काळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी एकमेकींना ओळख देण्यासाठी रंगीत दारूकाम वापरत. मग मोर्सच्या दिव्यानं विचारत राहा, असा हुकूम झाला. जहाज समुद्रात उगाच रॉकेटं सोडणार नाही, असं स्टोन स्वतः शेजारच्या अॅप्रेंटिसला म्हणाला होता, ही साक्ष चौकशीत नोंदलेली आहे. तरीही वायरलेसवाल्याला कोणी उठवलं नाही. कॅलिफोर्नियन नेमकी किती मैलांवर होती यावर अजून वाद चालतात, पण ओळखीचा उजेड आणि मदतीचा उजेड सारखेच दिसत असले की काय होतं, यावर वाद नाही.

आजचा नियम म्हणूनच स्पष्ट आहे. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौथ्या परिशिष्टात संकटाच्या खुणांची यादी आहे. तिच्यात थोड्या थोड्या वेळानं एकेक सोडलेले लाल तारे आहेत, आणि साधारण मिनिटामिनिटानं केलेला तोफेचा किंवा स्फोटाचा आवाजही आहे. संकट नसताना त्या खुणा वापरायच्या नाहीतच, त्यांच्याशी गल्लत होईल असं काहीही करायचं नाही. आता शंभर मीटर उंचीवर फुटलेलं लाल दारूकाम डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या बोटीच्या ब्रिजवर, पाण्यापासून वीस मीटर उंचीवर उभा असलेला माणूस क्षितिजाच्या हिशेबानं ते पन्नासेक किलोमीटरवरून पाहू शकतो. त्याला तुमचं संगीत ऐकू येत नाही, डेकवर नाचणारी माणसं दिसत नाहीत. म्हणून असा शो करायचा तर आधी किनाऱ्यावरच्या यंत्रणेला आणि व्हीएचएफ रेडिओवरून आसपासच्या बोटींना कळवून ठेवायचं असतं. शिवाय शोची बांधणीच अशी हवी की एकेक लाल तारा अंतराअंतरानं गेल्यासारखं दिसू नये. एकदम बरेच रंग, झपाझप, आणि पटकन शेवट.

डिस्नेच्या बोटींवर हे ‘पायरेट नाइट’ला होतं. वरच्या डेकवर चाच्यांचा नाचगाण्याचा कार्यक्रम, आणि त्याच्या शेवटी काही मिनिटांची आतषबाजी. बहामा आणि कॅरिबियनच्या फेऱ्यांत ती नेहमीची आहे, अलास्काच्या फेऱ्यांत करत नाहीत. बाकी बहुतेक कंपन्या लेझर आणि दिव्यांवर भागवतात. मला त्यात कंजूषपणा वाटत नाही. दारूकाम म्हणजे सागरी मालवाहतुकीच्या नियमांतला पहिला वर्ग, स्फोटकं. ते हजारो प्रवाशांच्या बोटीवर साठवायचं, त्यासाठी जाणकार माणसं ठेवायची, प्रत्येक देशाची परवानगी सांभाळायची. शिवाय समुद्रात खाली काहीतरी पडणारच. प्लास्टिक समुद्रात टाकायला मार्पोल या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या कराराच्या पाचव्या परिशिष्टानं पूर्ण बंदी आहे, त्यामुळे कागद-पुठ्ठ्याच्या आवरणांशिवाय इलाज नाही. कागद विरघळला तरी दारूतले क्षार पाण्यात जातातच, तेव्हा फार थोड्या बोटींवर हे होतं तेच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटीवर दारूकाम छोटंच का असतं, हेही समजून घ्या, म्हणजे डिस्नेलँडच्या किल्ल्यावरच्या शोची अपेक्षा ठेवून निराश होणार नाही. शेल म्हणजे नळीतून वर उडून आकाशात फुटणारा दारूचा गोळा. त्याचा व्यास जितके इंच, तितके शंभर फूट तो साधारण वर जातो. अमेरिकेत जमिनीवरच्या शोसाठी एनएफपीए ११२३ हे मानक वापरतात. त्यात सरळ उभ्या नळीसाठी प्रेक्षकांपासूनचं अंतर इंचाला ७० फूट धरलेलं आहे. म्हणजे तीन इंची शेलला २१० फूट, जवळपास ६४ मीटर. बारा इंचीला अडीचशे मीटरच्या वर. आता डिस्ने ड्रीम ही बोट ३४० मीटर लांब असली तरी रुंदीला फक्त ३७ मीटरच्या आसपास आहे. मोठे शेल तिथे बसणारच नाहीत.

पण जवळून बघण्याची मजा वेगळीच आहे. किनाऱ्यावर आपण आधी उजेड बघतो आणि मग आवाजाची वाट पाहतो. इथे शेल शंभर मीटरवर फुटला तर आवाज सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात पोचतो, छातीत आणि पायाखालच्या डेकमध्ये दोन्हीकडे जाणवतो. लेक लहान असेल तर कानांवर घालायचे मफ न्याच. आजूबाजूला इमारती नाहीत, दुसरा उजेड नाही. रंग इतके स्वच्छ दिसतात की तांब्याच्या क्षारांचा निळा, जो गावाच्या उजेडात फिका पडतो, तोही नीट ओळखू येतो.

कुठे उभं राहायचं ते वारा ठरवतो. बोट १५ नॉटनं, म्हणजे ताशी २८ किलोमीटरनं पुढे चालली असेल आणि वारा मागून तेवढ्याच वेगानं येत असेल, तर डेकवर झुळूकही लागत नाही. प्रवाशांना वाटतं, वा, काय शांत रात्र! दारूकामाला मात्र हीच रात्र वाईट, कारण धूर आणि निखारे बोटीभोवतीच रेंगाळतात. ब्रिजवर हवा असतो तो आडवा वारा, एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं सगळं समुद्रावर घेऊन जाणारा. त्यासाठी बोट दिशा आणि वेग थोडा बदलू शकते. शेल उडवायच्या नळ्या त्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला सोयीच्या. त्यामुळे इंटरनेटवर कोणी ‘अमुक बाजूलाच उभे राहा’ असं छातीठोक सांगितलं तरी त्या दिवशी डेकवरच्या कर्मचाऱ्याला विचारा. वेळ बोटीच्या अॅपवर असते. गोव्याचे आणि मुंबईकडचे खलाशी क्रूझवर भरपूर भेटतात. मराठीत किंवा कोकणीत विचारलंत तर जागाही दाखवतील आणि चार गोष्टी जास्तीच्या सांगतील. अर्धा तास आधी कठडा धरा, आणि स्टेजपासून जरा लांबच, कारण तिथले दिवे डोळ्यांवर येतात. ट्रायपॉड नेऊ नका. डेक सतत थरथरत असतो, लांब एक्स्पोजरमध्ये सगळं हललेलं येतं. फोनवर व्हिडिओ घ्या, एक्स्पोजर लॉक करून.

आता फुलबाज्या. विमानात त्या हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. क्रूझ टर्मिनलवर सामान एक्स-रेतून जातं, तिथेही काढून घेतील. नियम बाजूला ठेवला तरी विचार करा: फुलबाजी हजार अंशांच्या घरात जळते, विझल्यावर तारही चटका देते, वर डेकवर वारा. घरच्या अंगणात ठिणगी फरशीवर पडते, इथे ती आरामखुर्चीच्या कापडावर किंवा दुसऱ्याच्या मुलाच्या केसांवर जाईल. समुद्रात आग लागली तर अग्निशमन दल येत नाही, बोटीवरच्याच माणसांना ती विझवावी लागते. आम्ही आगीची ड्रिल नेमानं करायचो आणि धुरानं भरलेल्या गल्लीत हवेचं सिलिंडर पाठीवर घेऊन शिरण्याचा सरावही करायचो. म्हणून हे सांगताना मी जराही सैल पडणार नाही. मेणबत्त्या आणि उदबत्त्यांनाही बंदी असते. लक्ष्मीपूजन प्रवासात येत असेल तर बॅटरीवरच्या छोट्या पणत्या न्या, पण आधी कंपनीची निषिद्ध वस्तूंची यादी वाचा. फराळाचा डबा नेणार असाल तर त्याच यादीत घरगुती खाण्याचं काय लिहिलंय तेही बघा.

तुम्हाला पुढेमागे खरोखर भव्य दारूकाम बोटीवरून बघायचं असेल, तर ते बोटीवरून उडवलेलं नव्हे, किनाऱ्यावरून उडवलेलं शोधा. मदेइरा बेटावरच्या फुंशालमध्ये ३१ डिसेंबरला क्रूझ बोटी उपसागरात नांगर टाकून उभ्या राहतात आणि डोंगरउतारावरच्या गावाभोवती चहूकडून शेल उडतात. २००६ च्या शोची ६६,३२६ फटाक्यांचा म्हणून गिनीजमध्ये विक्रमी नोंद झाली होती. तो आकडा पुढे इतरांनी मोडला, पण तिथली जागा मोडीत निघालेली नाही. रिओच्या कोपाकबानालाही बोटी थांबतात, तिथे दारूकाम समुद्रातल्या तराफ्यांवरून उडतं.

तुमच्या फेरीसाठी एवढंच: वारा फार असला किंवा हवा बिघडली तर शो रद्द होतो किंवा पुढे ढकलतात, आणि तो निर्णय कॅप्टनचा असतो. लेकीला हे घरून निघण्याआधीच सांगून ठेवा. आणि बोटीवर चढलात की पहिल्या दिवशीची लाइफबोट ड्रिल तिला कंटाळवाणी वाटली तरी पूर्ण करायला लावा.