सम-विषमची पाटी

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. दोन वर्षांत बेचाळीस गिऱ्हाइकं केलीस आणि त्यातली पुन्हा आली फक्त सहा, हे तू स्वतः बसून मोजलंस ते बरं केलंस. बहुतेक जण इन्स्टावरचे फॉलोअर मोजतात. आता तू विचारतोयस, लॉयल्टीसाठी काही स्कीम काढू का? पाच पोस्टवर सहावी फुकट? नको काढूस. आपलं डिझाइनचं काम पंक्चरवाल्यासारखं नाही, की जो जवळ आणि स्वस्त त्याच्याकडे माणूस जाईल. सवलतीसाठी आलेला उद्या तुझ्यापेक्षा दोनशे रुपये कमी सांगणाऱ्याकडे जाणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

माझ्याकडे सगळ्यात जास्त टिकलेलं गिऱ्हाईक म्हणजे पेठेतला एक चष्म्याचा दुकानदार. तो आला तेव्हा त्याला नवा लोगो हवा होता. विक्री पडली होती, आणि मुलानं सांगितलं होतं की आपला लोगो जुनाट दिसतो. चाळीस हजारांचं काम समोरून चालत आलं होतं. मी म्हटलं, आधी एक शनिवार तुमच्या काउंटरवर बसते.

बसले. संध्याकाळी एक बाई फ्रेम बघत होत्या. एक डोळा आरशाकडे, एक दाराकडे. पाचवी फ्रेम नाकावर असतानाच बाहेर टोईंगवाल्यांचा भोंगा वाजला, तशा त्या फ्रेम काउंटरवर टाकून पळाल्या. परत आल्या नाहीत. तासाभरात असे तिघे गेले. त्या रस्त्यावर दुचाकीचं पार्किंग पी-वन, पी-टू : सम तारखेला एका बाजूला, विषमला दुसऱ्या. पुण्यात जन्म काढलेल्या माणसालासुद्धा आज तारीख कोणती हे गाडी लावताना आठवत नाही.

लोगोला हात लावला नाही. सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या जाड पत्र्याची, दोन्ही बाजूंनी छापलेली एक पाटी करून दिली. एका बाजूला ‘आज गाडी इकडे’, दुसऱ्या बाजूला ‘आज गाडी समोर’, आणि बाण. दुकानातला पोरगा रोज सकाळी शटर उघडलं की ती फिरवायचा. बिल झालं बावीसशे रुपये.

आणि मग आमचं हसं झालं. महिना एकतीसचा होता. एकतीसही विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. पोरानं सवयीनं पाटी फिरवली. आमच्या बाणावर विश्वास ठेवून लावलेल्या दोन गाड्या उचलून नेल्या. दुकानदारानं दोघांचा दंड भरला, त्यातला अर्धा मी दिला. पाटीच्या एका बाजूला ‘सम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘विषम’ असं ठळक लिहून दिलं, कॅलेंडर बघूनच फिरवायची अशी तंबी पोराला दिली. आज त्या गृहस्थांचं, त्यांच्या मेहुण्याच्या दवाखान्याचं आणि शेजारच्या साडीवाल्याचं काम माझ्याकडे आहे. लोगो तोच जुनाट.

दुकानात बसल्याशिवाय हे कळलं नसतं. ब्रीफमध्ये, म्हणजे काम देताना गिऱ्हाईक जे सांगतं त्यात, येतं ते दुकानदाराला वाटतं ते. तुझ्या त्या छत्तीस परत न आलेल्यांपैकी किती जणांच्या दुकानात तू तासभर बसलास? व्हॉट्सॲपवर लोगो मागितला, व्हॉट्सॲपवर पाठवला, असंच असेल तर तुझा चेहरा त्यांना आठवायचं काही कारणच नाही.

एक वही कर. साधी, दोनशे पानी. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान : रंगाचे सीएमवायके आकडे (छपाईच्या चार शाया किती टक्के ते), मागच्या वेळी वापरलेला कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड, पाटीचं माप, आणि शेवटचा ‘हो’ कोण म्हणतं. मेसेज मुलगा करतो, पण प्रूफ गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना पटावं लागतं, हे कळेपर्यंत माझी तीन डिझाइनं फुकट गेली. दोन वर्षांनी कुणी ‘तसंच व्हिजिटिंग कार्ड पुन्हा’ म्हणालं आणि तू न विचारता तोच कागद लावलास, की ते माणूस दुसरीकडे जायचा कंटाळा करतं. धंद्यात हा कंटाळा फार मोलाचा.

ओपन फाइल, म्हणजे डिझाइनची बदल करता येणारी मूळ फाइल, द्यायची का, असंही विचारलंयस. दे. फाइल दाबून ठेवलेलं गिऱ्हाईक टिकलेलं नसतं, अडकलेलं असतं, आणि सुटलं की सगळ्या पेठेला सांगत फिरतं. मात्र पूर्ण पैसे आल्यावर दे, आणि डिझाइनच्या हक्कांचं कागदावर लिही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देणं लेखीच असावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ते पाचच वर्षांसाठी दिले असं धरलं जातं. दुकानदाराला हे माहीत नसतं. तू आपणहून ‘कायमस्वरूपी’ लिहून दिलंस, तर तो तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल.

आता वाढीचं. यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे. एका बांधकाम व्यावसायिकाचं काम मिळालं आणि वर्षभरात माझी निम्म्याहून जास्त कमाई त्याच्या एकट्याकडून यायला लागली. दोन मुलं नेमली, भाड्याची मोठी जागा घेतली. मग त्यानं सात महिने पैसे लटकवले. मुदत ठेव मोडून पगार केले, आणि त्या गडबडीत चष्मेवाल्याचं दिवाळीचं पत्रक राहून गेलं, ते अजून डाचतं. तेव्हापासून माझा नियम : एका पार्टीकडून पंचवीस टक्क्यांवर उत्पन्न जायला लागलं की नवं काम शोधायला बाहेर पडायचं.

‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसशील तर आजच कर, ती फुकट आहे. २००६च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत पार्टीला करासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःच तुझी बाजू घेतो. पण हे भांडताना काढू नकोस. पहिल्या बिलापासून नोंदणी क्रमांक आणि मुदत खाली छापलेली असू दे.

गणपतीच्या धावपळीनंतर पितृपक्ष येतो. नव्या खरेदीला लोक कचरतात, दुकानं निवांत असतात, मालक चहा पाजतात. ते पंधरा दिवस मी काही विकायला नाही, नुसती जुन्या गिऱ्हाइकांकडे जाते. दिवाळीची कामं तिथेच ठरतात. छापखाने नंतर दिवाळी अंकांत बुडालेले असतात, म्हणून तारखाही तेव्हाच पक्क्या कर.

परवा चष्मेवाल्याकडे गेले होते. पाटीचा कोपरा फुगलाय, बाण फिका पडलाय. तो पोरगा आता स्वतः काउंटर सांभाळतो. ‘नवी करायची का?’ म्हणाला. मी तुझं नाव सांगितलंय. टेप घेऊन जा, दीड बाय एक फूट आहे बहुतेक, पण माप तू घे. शनिवारी संध्याकाळीच जा, आणि गाडी लावताना तारीख बघ. त्या पाटीवर विसंबू नकोस.

तुझी,
काकू