नाच बंद करून एडिटिंग? तिची फिल्म पुन्हा बघा

पत्र : माझी सांगलीत हळदीची आडत आहे. मुलीला बारावी सायन्सला 64 टक्के पडले, सीईटीही बेताचीच गेली. लहानपणापासून ती कथक शिकते, त्यातली मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. मोबाइलवर नाचाचे व्हिडिओ शूट करून स्वतःच एडिट करते. नाच आता पुरे, मोठ्या मुलीनं स्टेजवर उभं राहणं घरात कुणाला पसंत नाही. एडिटिंगला मात्र आमची हरकत नाही. खोलीत बसून करायचं काम आहे, लग्नानंतर घरूनही करता येईल. पुण्यात तीन महिन्यांचा क्लास आहे, फी 90 हजार. भरावी का? की आधी इंजिनिअरिंग करून घ्यावं? तिची एक फिल्म सोबत पाठवतो. मधे बराच वेळ कॅमेरा एकाच जागी राहिलाय, तेवढं सोडलं तर बरी आहे. – एक पालक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात टक्के आहेत, फी आहे, घरच्यांची पसंती-नापसंती आहे, अजून न ठरलेलं लग्नसुद्धा आहे. मुलीचं म्हणणं काय, हे एकाही ओळीत नाही. तिला एडिटर व्हायचंय असं तिनं तुम्हाला सांगितलं, की नाच सुटणारच आहे तर निदान एवढं तरी हातात राहील म्हणून ती 'बरं' म्हणाली? हे आधी तिला विचारा, आणि विचारताना उत्तर तुम्हीच देऊ नका.

64 टक्क्यांची मला काळजी नाही. 'नाच आता पुरे' या तीन शब्दांची आहे. घराला चालत नाही म्हणून नाच सोडायचा आणि चालतं म्हणून एडिटिंग ठेवायचं, अशी वाटणी तुम्ही करून टाकलीत. पण फिल्म पाहिल्यावर मला खात्री वाटते की या मुलीच्या बाबतीत ही वाटणी होऊच शकत नाही. तिचं एडिटिंग तिच्या पायांतून आलेलं आहे.

ज्या जागेवर तुम्ही बोट ठेवलंत, तिथूनच सुरुवात करतो. कॅमेरा एकाच जागी राहतो तिथे ती तिहाई करते आहे. बोलांचा एकच तुकडा लागोपाठ तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर, म्हणजे तीनतालाच्या 16 मात्रांचं आवर्तन संपून पुन्हा पहिल्या मात्रेवर पडतो. मधे कट मारला असता तर बघणाऱ्याच्या मनात चाललेली मोजणी तुटली असती. नेमका समेवर मारला असता तर पाय जमिनीवर पडल्याचा क्षणच दोन शॉट्सच्या फटीत हरवला असता. तिनं डोक्यापासून पावलांपर्यंतचा लाँग शॉट धरून ठेवला, सम पडू दिली, छातीतला श्वास खाली बसू दिला आणि मग डोळ्यांच्या क्लोज-अपवर गेली. संपूर्ण फिल्ममधली ही सर्वांत उत्तम जागा आहे. फ्रेड अ‍ॅस्टेअरसारखा मोठा नर्तक आपलं सगळं शरीर चौकटीत दिसावं आणि शॉट मधेच तोडू नये असा आग्रह दिग्दर्शकांकडे धरायचा. तुमच्या मुलीला हे कुणी सांगितलं नसेल. वर्षानुवर्षं तत्कार, म्हणजे पायांनी बोल काढण्याचा रियाज, केलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते अंगातूनच कळतं.

दुसरी जागा चक्कराची. चक्कर सुरू होतं गोदामात, हळदीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, आणि संपतं हरिपूरला संगमाच्या घाटावर. याला मॅच कट म्हणतात. वाचायला सोपं वाटतं, पण दोन्ही ठिकाणी फिरण्याची दिशा, वेग, चौकटीतली उंची आणि कट होतो त्या क्षणीचा खांद्याचा कोन जुळावा लागतो. तिनं पाठ कॅमेऱ्याकडे असताना, ओढणी हवेत असताना कापलंय, म्हणून जागा बदलली तरी गती मोडत नाही. माया डेरेन या अमेरिकेतल्या चित्रपटकर्तीनं 1945 साली, तीन मिनिटांच्या आतबाहेरच्या एका मूक फिल्ममध्ये, नर्तकाचा जंगलात उचललेला पाय थेट एका घरातल्या खोलीत टेकवला होता. ही बाई त्याआधी कॅथरिन डनहॅम यांच्या नृत्यसंस्थेसोबत काम करत होती. नाचाजवळ राहिलेल्या माणसालाच अशी कल्पना सुचते.

आता तुमच्या मोठ्या गैरसमजाबद्दल. एडिटिंग म्हणजे सॉफ्टवेअर, असं तुम्ही धरून चालला आहात. सॉफ्टवेअर तिला आत्ताच येतं, पत्रात तुम्हीच तसं लिहिलंय. कट कसा मारायचा, रंग कसा सुधारायचा, आवाज कसा लावायचा, हे बरंचसं घरबसल्या फुकट शिकता येतं. वजनकाटा चालवता आला म्हणून कुणी हळदीचा पारखी होत नाही. तुम्ही हळकुंड मोडून आतला रंग बघता, तेव्हा कुठे भाव ठरतो. एडिटरचं तसंच आहे: दहा टेकमधला कोणता ठेवायचा आणि तो कुठे सोडायचा, ही पारख. शिवाय हे काम शूटिंगच्या आधीच सुरू होतं. गाण्यात हालचाल संथ हवी आणि ओठही शब्दांशी जुळायला हवेत, तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, कॅमेरा सेकंदाला 48 फ्रेमवर चालवतात आणि पडद्यावर 24 ने दाखवतात. म्हणजे कलावंताला दुगुनीत, दुप्पट वेगात नाचावं लागतं, तेव्हा पडद्यावर ते ठाय, म्हणजे मूळ संथ लयीत दिसतं. हे वाक्य मुलीला वाचून दाखवा, तिला लगेच समजेल. तीन महिन्यांच्या क्लासमधल्या बहुतेकांना ते समजावून सांगायलाच तास जाईल. 90 हजार भरू नका. त्यातल्या थोड्या पैशांत बरा ट्रायपॉड, मोठी हार्ड डिस्क आणि कानाला लावायचे चांगले हेडफोन येतील.

'खोलीत बसून करायचं काम' याबद्दलही स्पष्ट बोलतो. सुरुवातीची बरीच वर्षं असिस्टंट म्हणून जातात. फुटेज उतरवायचं, त्याच्या दोन-तीन प्रती ठेवायच्या, आवाज आणि चित्र जुळवायचं, रात्री दोनला दिग्दर्शकाला वेगळं काहीतरी सुचलं तर तेही करून बघायचं. पैसे उशिरा मिळतात, कधी मागावे लागतात. सतत माणसांमध्ये, त्यांच्या मतांशी झगडत करायचं काम आहे हे. मुलगी लोकांच्या नजरेआड राहील म्हणून तुम्ही हा व्यवसाय निवडत असाल, तर निवड चुकते आहे.

आणि नजरेचंच म्हणाल, तर आपण सांगलीत राहतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथेच मराठी नाटक उभं केलं, आणि त्या मोठेपणाची भाषणं आपण दरवर्षी टाळ्या वाजवत ऐकतो. आपल्या घरातली मुलगी समेवर येते तेव्हा मात्र 'लोक काय म्हणतील' आठवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाच-गाण्याच्या या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मध्यमा पूर्ण केलेल्या मुलीला विशारदच्या, म्हणजे पुढच्या परीक्षेच्या उंबऱ्यावरून मागे ओढू नका. नाच थांबला की वर्षा-दोन वर्षांत तिच्या कटमधला ताल जाईल, आणि तो कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

इंजिनिअरिंग तिनं मागितलेलं नाही, तेव्हा तो विषय सोडा. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेतला एडिटिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेतला तसाच अभ्यासक्रम, दोन्हींना कोणत्याही शाखेची पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. म्हणून सांगलीतच तिला आवडेल त्या विषयाची पदवी करू द्या, सोबत विशारद आणि सोबत फिल्म.

आता दोन गोष्टी थेट मुलीसाठी. बेटा, घाटावर एके ठिकाणी तू उजवीकडे जात होतीस आणि पुढच्याच शॉटमध्ये डावीकडे जायला लागलीस. कॅमेरा रेषेच्या पलीकडे गेल्यामुळे हे झालंय. नाचणारा ज्या रेषेवर चालतो, तिच्या एकाच बाजूला राहून शॉट घे. बाजू बदलायचीच असेल तर मधे अगदी समोरून घेतलेला किंवा वरून घेतलेला टॉप शॉट टाक. दुसरं, हातांचा संथ केलेला भाग अडखळतो, कारण बहुधा तू 30 फ्रेमवर घेऊन नंतर वेग अर्धा केलास. तो भाग 60 वर घ्यायला हवा होता.

पुढची फिल्म स्वतःवर करू नकोस. आटपाडी-जतकडच्या एखाद्या यात्रेत धनगरांचं गजीनृत्य बघ. ढोलाच्या तालावर माणसं वर्तुळात फिरतात, तेव्हा जवळचा नाचणारा डावीकडून उजवीकडे जात असेल तर समोरच्या बाजूचा उजवीकडून डावीकडे जातो. दोघांचे क्लोज-अप एकापाठोपाठ लावलेस तर ते उलटसुलट धावल्यासारखे दिसतील. वर्तुळाचा आकार टॉप शॉटमध्ये दिसेल, पण चेहरे जातील आणि पावलांचा जोरही जाईल. या तिन्ही गोष्टी दोन मिनिटांत बसवून दाखव. शूटिंगआधी तिथल्या मंडळींची परवानगी घे, आणि झालेली फिल्म आधी त्यांना दाखव.

एका मोबाइलवर हे होणार नाही. दुसरा मोबाइल धरायला, साहेब, तुम्ही तिच्यासोबत जा.